आधी पुस्तक मिटायला शिकवा

मा. संपादक,

सत्र परीक्षा तोंडावर आल्या की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकाएकी बसायला जागा मिळेनाशी होते. ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे हे मी सत्रामागून सत्र पाहत आले. जूनपासून चतुर्थीपर्यंत खुर्च्या रिकाम्या, आयएसएच्या, म्हणजे सत्रादरम्यानच्या अंतर्गत चाचणीच्या, आदल्या दिवशी थोडी वर्दळ आणि शेवटच्या पंधरवड्यात झेरॉक्सवाल्याकडे रांग. मुले आळशी झाली, मोबाईलने वाया गेली, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्या पंधरवड्यात ही मुले ढोरमेहनत करतात. फक्त ती भलत्याच जागी खर्च होते, कारण अभ्यास करा असे त्यांना सगळ्यांनी सांगितलेले असते, पण तो करायचा कसा हे शिकवलेले नसते.

टेबलावरच्या नोट्सच बघा. कुणा सिनियरच्या, झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स. मूळ कागदावर त्याने हायलायटर फिरवलेला असतो, त्याचा प्रतीत राखाडी पट्टा उमटतो आणि खालची अक्षरे जेमतेम लागतात. त्याच पट्ट्यावरून आताची मुलगी गुलाबी रेघ ओढते. पान रंगले की पान झाले! मग हीच मुलगी काउंटरवर येऊन म्हणते, "मॅडम, सगळा पोर्शन तीनदा वाचला, पण पेपर हातात आला की डोके कोरे होते."

ती खोटे बोलत नसते. पुन्हा पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला की तो आपल्याला येतो असा समज होतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी सांगण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. (एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरांवरचा. हा दुसरा, जिथे पाणमांजरे दिसतात त्या आपल्या गोव्यातल्या चोडण-दिवाडी बेटांवरच्या मुलांनी आवडीने वाचला असता.) एका गटाने उतारा चार बैठकांत नुसता वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तिन्ही वेळा काहीही न पाहता, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. पुढे 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यांत स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांवर पसरणे या दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला. हायलायटर आणि पुनर्वाचन तळाला गेले.

खरे तर गोव्याच्या गावागावाला हे ठाऊक आहे. जत्रेच्या नाटकाची तालीम कशी चालते? सुरुवातीचे काही दिवस वही हातात, मग दिग्दर्शक ती काढून घेतो. नट अडखळतो, प्रॉम्प्टर पहिला शब्द तेवढा पुरवतो, आणि जिथे अडखळला ती जागा दुसऱ्या रात्री पक्की होते. नक्कल, म्हणजे आपल्या संवादांची वही, महिनाभर नुसती वाचलेल्या माणसाला कुणी मखमली पडद्यापुढे उभे करणार नाही. तालीमही रोज रात्री दोनेक तास असते, जत्रेच्या आदल्या रात्री एकदम उरकत नाहीत. त्याच नाटकात काम करणारा मुलगा कॉलेजच्या पेपरासाठी मात्र रात्रभर जागून वही वाचतो आणि डोळे चोळत परीक्षेला जातो.

हे घोकंपट्टीचे समर्थन नव्हे. पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायचे आणि मग उघडून कुठे चुकले ते पाहायचे, यात घोकणे चालतच नाही. कॉमर्सच्या मुलांनी सोडवलेली गणिते वाचण्यापेक्षा उत्तर झाकून ती स्वतः मांडावीत, तीही वेगवेगळ्या धड्यांतली मिसळून, कारण पेपरात ती मिसळूनच येतात. वाळपई-काणकोणहून कदंबाने ये-जा करणाऱ्यांना डुलत्या बसमध्ये वाचणे जमत नाही. पण काल काय शिकवले ते मनातल्या मनात उभे करायला पुस्तक लागत नाही. फोन तेवढा बॅगेत राहू द्यावा.

भाषेचाही भाग आहे आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीत इंग्रजीत जाते, आणि त्यांतली बरीच मुले पदवीपर्यंत इंग्रजी वाक्ये अर्थ न लागता तशीच उतरवत राहतात. अशा मुलाने एखादा मुद्दा आधी घरच्या भाषेत आईला किंवा मित्राला समजावून सांगावा. सांगता सांगता जिथे गाडी अडते तिथेच अभ्यास बाकी आहे. पेपर नंतर इंग्रजीत लिहावा. प्राध्यापकांनी याला कमीपणा मानू नये.

सगळा भार मुलांवर टाकणेही बरोबर नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून पदवीच्या पहिल्या वर्षात बरेच छोटे अभ्यासक्रम आले. त्यांत अभ्यास कसा करावा याला चार तास द्यायला काय हरकत आहे? तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे मागच्या आठवड्यातल्या दोन प्रश्नांसाठी ठेवता येतील. त्याला गुण नकोत. गुण आले की मुले कॉपीच्या वाटा शोधतात आणि शिक्षकांच्या माथी आणखी एक तक्ता येतो. आयएसए मात्र सर्व विषयांच्या एकाच आठवड्यात कोंबू नयेत. अभ्यास पसरून करा म्हणायचे आणि परीक्षा एकावर एक रचायच्या, हे जुळत नाही.

ग्रंथालयांनाही एक सुचवते. मागील प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे परीक्षेच्या काळात कपाटातून निघतात, ते पहिल्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून टेबलावर असावेत आणि शेजारी पाठकोऱ्या कागदांची थप्पी. प्रत्येक कार्यालयात असे कागद रद्दीत जातात, त्यामुळे खर्चाचा प्रश्नच येत नाही. आणि ज्या महाविद्यालयांच्या वाचनकक्षाला संध्याकाळी पाचला कुलूप लागते, त्यांनी ते निदान सातपर्यंत उघडे ठेवावे. घरी अभ्यासाला वेगळी खोली असलेली मुले तशीही ग्रंथालयात कमीच येतात.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, फोंडा