सदोष जनुक म्हणजे ठरलेला आजार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाच्या रोहिण्यांतला वाढलेला रक्तदाब, घराण्यात असेल तर तो टळत नाही, असा समज आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखाने होऊ शकतो. ते बरोबर नाही.

बीएमपीआर-२ या जनुकातला दोष २००० साली सापडला आणि आनुवंशिक प्रकारातल्या बहुसंख्य रुग्णांत तो असतो, हे खरे. पण दोष असलेल्या पाच जणांत साधारण एकालाच आजार होतो, त्यातही स्त्रियांना जास्त. बाकीचे चौघे कसे सुटतात? याच्या उत्तराचा एक भाग जनुकांवरच्या रासायनिक खुणांत असावा. जनुकाचा मजकूर तोच राहतो. तो वाचला जाईल की मिटलेला राहील, हे या खुणा ठरवतात. त्यांतले फेरफार म्हणजे एपिजेनेटिक बदल.

रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींत एसओडी-२ नावाचे विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. प्राणवायू पुरेसा आहे, हे पेशीला त्यावरून कळते. हा आजार आपोआप होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत हे विकर बनवणाऱ्या जनुकावर मिथाइल गट, म्हणजे अशीच एक रासायनिक खूण, चिकटून तो मिटलेला आढळला (२०१०). मग प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते, साखर जाळण्याची पद्धत बदलते आणि मरायचे सोडून वाढतच राहते. मिथाइल खुणा पुसणारे औषध दिल्यावर प्रयोगशाळेतल्या याच पेशींची वाढ मंदावली. रुग्णांच्या फुप्फुसांत हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) ॲसिटाइल गट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या खुणा, काढणारी काही विकरे वाढलेली आणि मायक्रोआरएनए-२०४ हा जनुकांना आवर घालणारा आरएनएचा छोटा तुकडा घटलेला दिसतो. त्यांचाही रोख पेशी वाढवण्याकडेच.

भिंत जाडावते, पोकळी आकसते. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध सोळा पट होतो आणि तो भार हृदयाच्या पातळ भिंतीच्या उजव्या कप्प्यावर पडतो. सिल्डेनाफिलसारखी औषधे रोहिणी सैल करतात. वाढलेल्या पेशी त्याने हटत नाहीत.

इथे एक धोका सांगायलाच हवा. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट हिस्टोनच्या खुणांवर काम करते आणि उंदरांत त्याचा उपयोग दिसला आहे. म्हणून कोणी ते स्वतःहून घेऊ नये. खुणा सगळ्याच पेशींत असतात. याच गटातल्या दुसऱ्या एका औषधाने, फुप्फुस रोहिणी बांधून अरुंद केलेल्या उंदरांत, उजवे हृदय आणखी बिघडले. शिवाय व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

दंडाला पट्टा बांधून हा रक्तदाब कळत नाही. जिना चढताना धाप, घोट्यांवर सूज, श्रमाने चक्कर किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काही असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. इकोवर येतो तो अंदाज. उजव्या हृदयातून नळी घालून फुप्फुसाच्या रोहिणीत मोजलेला सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक भरला, तरच निदान पक्के. दोष सापडलेल्या नातेवाइकांनी त्रास नसला तरी वर्षाला एकदा इको करून घ्यावा. स्त्रियांनी गर्भधारणेआधी तज्ज्ञांना भेटावे, कारण या आजारात बाळंतपण जिवावर बेतू शकते. मिथाइल खुणा मोजून भाकीत सांगणारी चाचणी अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. तिच्यावर पैसे घालवू नयेत.

आपला,
एक हृदयरोगतज्ज्ञ