सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही: चुकीच्या दुरुस्तीचे पैसे परत मिळण्याबाबत

सातारा
दि. १२ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(पुणे वर्कशॉप)

महोदय,

माझी गाडी सॅन स्टॉर्म, २००२ चे मॉडेल. गोव्यात बनलेली, दोन सीटची, टप उघडणारी, फायबरच्या बॉडीची. आत रेनोचे ११४९ सीसीचे पेट्रोल इंजिन आहे, जे युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्येही आले. ओळख करून द्यावी लागते, कारण आपल्या जॉब कार्डावर कंपनीच्या रकान्यात 'मॉडिफाइड' असे लिहिले आहे आणि आपल्या सुपरवायझरनी माझ्यासमोर 'मारुतीवर बॉडी चढवलीय का काका?' असे विचारले. त्याच क्षणी गाडी परत न्यायला हवी होती. नेली नाही, ही माझी चूक.

६ मे रोजी ती स्वारगेटजवळ बंद पडली म्हणून टोचन लावून आपल्याकडे आणली. तक्रार मी स्वतः लिहून दिली होती: "गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. तासाभराने थंड झाली की एका सेल्फला चालू होते." जॉब कार्डावर याचे 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' एवढेच झाले. गरम-थंडचा भाग कोणी गाळला ते मला माहीत नाही, पण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आपल्या लोकांनी चावी फिरवली. पेट्रोल पंप दोन सेकंद घूं करून थांबला. सेल्फ मारताना पंपाचा आवाज नाही. निष्कर्ष: पंप गेला. पंप बदलला, प्लग बदलले, बॅटरी बदलली. तोवर रात्र उलटून इंजिन गार झाले होते, त्यामुळे सकाळी गाडी अर्थातच चालू झाली. ती पंपामुळे चालू झाली, अशी आपली समजूत झाली आणि माझीही.

१४ मे रोजी ताबा घेऊन निघालो. भर दुपारी खंबाटकी घाट चढताना अर्ध्यावर इंजिन बंद. मागे ट्रकची रांग, डोक्यावर ऊन, टप उघडा. पुढचे वर्णन करत नाही. क्रेनने गाडी पुन्हा आपल्याकडे आली, त्याचे ६,००० रुपये मी भरले.

दुसऱ्या वेळी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. यादीत या गाडीचे नाव नाही, म्हणून जवळचे काहीतरी निवडले, असे मला सांगण्यात आले. एकही कोड दिसला नाही. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, खराब ठरवला आणि त्याच्या 'रिपेअर'चे १६,५०० रुपये लावले. सोबत इंजेक्टर सफाई. १ जूनला गाडी मिळाली, ८ जूनला साताऱ्यात पोवई नाक्यावर पुन्हा तेच.

तिथे जवळच्या एका वायरमननी ती पाहिली. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. आधी एक प्लग काढून अर्थला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितला: करंट नाही, म्हणजे ठिणगी पडत नाही. मग इंजेक्टरच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला: लुकलुकत नाही. करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदम गायब, म्हणजे दोघांना हुकूम देणाऱ्यालाच काही कळत नाहीये, असे ते म्हणाले. गिअरबॉक्सच्या घंटीवर, फ्लायव्हीलसमोर क्रँक सेन्सर बसतो; इंजिन फिरतेय की नाही हे ईसीयूला तोच सांगतो. त्यावर त्यांनी ओले फडके दाबून धरले. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली.

सेन्सर गरम झाला की आतली कॉइल तुटल्यासारखी होते. सिग्नल बंद झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही. म्हणून तो करंट देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि सुरुवातीचे दोन सेकंद झाले की पंपही थांबवतो. म्हणजे आपण बदललेला पंप हुकमाप्रमाणे थांबत होता, मेलेला नव्हता. इंजिन फिरतच नाही अशी समजूत असलेला ईसीयू तक्रार कशाची करणार? म्हणून कोड नाही. यात ना यंत्र महागडे लागले, ना अनुभव अघोरी. सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही, तेव्हा करंट आहे का, पेट्रोल आहे का, कॉम्प्रेशन आहे का, हा क्रम शिकाऊ पोरालाही ठाऊक असतो. मात्र तपासणी गाडी बंद असताना, गरम असताना व्हायला हवी. आपण पहिल्या वेळी फक्त पंप पाहिला आणि दुसऱ्या वेळी गार गाडी तपासली.

नवा सेन्सर १,१५० रुपये, मजुरी ४००. जाताना त्यांनी इंजिनची अर्थिंगची पट्टीही घासून घट्ट केली. फायबरच्या बॉडीत अर्थ वायरनेच परतते, पत्र्यातून नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

आता हिशेब. आपली दोन्ही बिले मिळून ४३,००० रुपये. बॅटरी (५,९००) जुनीच होती आणि प्लग (१,६००) कधीतरी बदलायचेच होते, ते मी सोडतो. उरलेले ३५,५०० आणि क्रेनचे ६,००० असे ४१,५०० रुपये परत मिळावेत. माझा जुना पंप मला न विचारता ठेवून घेतला आहे, तो परत द्यावा. ईसीयूमध्ये नेमके काय दुरुस्त केले ते लेखी कळवावे. त्या पेटीच्या स्क्रूंवर जुनी धूळ जशीच्या तशी आहे, म्हणून विचारतो.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाखल करीन. आता राहत्या जिल्ह्यातच ती करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, त्यामुळे मला पुण्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत.

आपला,
एक गाडीमालक

सोबत: दोन्ही बिले, दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती, क्रेनची पावती, सेन्सरची पावती.

ता. क. जुना सेन्सर जपून ठेवला आहे. हेअर ड्रायरने तापवून मीटर लावला की सर्किट ओपन दाखवतो. आपल्यापैकी कोणी साताऱ्याला आले तर करून दाखवीन. येताना पंप आणावा.