रूथला एकटी पाठवू नका, असं तूही लिही

नगर,
ऑगस्ट, रविवार रात्र

प्रिय मार्था,
सप्रेम सलाम.

आम्ही बरे. माझी साखर आहे तिथेच आहे. तुझं मोतीबिंदूचं झालं हे तुझ्या जावेकडून कळलं. थेंब वेळेवर घाल. हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आज उपासनेनंतर मिशन कमिटी बसली. आपला केनियातला मिशनरी विन्या, त्याच्या रूथचं आठवीचं वर्ष तिकडे किसुमूला नोव्हेंबरात संपतंय. कमिटीचा ठराव असा, की पोरीला एकटीला पुढे पाठवावं, आजीकडे नाव लावावं, नाही जमलं तर बोर्डिंगला टाकावं. विन्या, शीला आणि धाकटा योना यांनी टर्म पुरी करून तीन वर्षांनी यावं. सेक्रेटरी म्हणाले, "बारा वर्षांपुढच्या मुलाला विमान कंपनी एकटं घेते." घेते ना! कुरियरवालाही पार्सल घेतो.

हे तुलाच का लिहितेय ते तुला कळलं असेलच. आणि हेही माहीत आहे की तू आधी माझ्याशीच भांडशील. "बोर्डिंगनं माणूस घडतो" हे तुझं वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतेय. घडतो गं. पण तू नि मी श्रीगोंद्याहून नि राहुरीहून आलो होतो, भाषा तीच, भाकरी तीच, दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं घरी. ही पोर दोन वर्षांची असताना गेली. तिला नगर म्हणजे दोन महिन्यांची फर्लो, मिशनरीची सुट्टी: रोज नवीन घरी जेवण, रोज नवीन मावशी, आणि प्रत्येक चर्चच्या मंडळीत स्टेजवर उभं राहून स्वाहिलीत गाणं.

कमिटीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. यंदाचा नोव्हेंबर सोडला तर सगळं बिघडतं. तिकडचं शाळेचं वर्ष जानेवारी ते नोव्हेंबर, आपलं जूनपासून. 2017 पासून त्यांनी नवा अभ्यासक्रम आणलाय: सहावीपर्यंत प्राथमिक, सात-आठ-नऊ कनिष्ठ माध्यमिक, पुढे तीन वर्षं वरिष्ठ. आठवी संपवून ती नोव्हेंबरात आली तर जूनच्या नववीपर्यंत सहा महिने हातात राहतात. नववी तिकडे करून आली तर थेट दहावी मागावी लागते, आणि तिथे शाळा हात आखडतात. बोर्डाच्या शाळांना दहावीच्या मुलाची आधीची नववी मान्यताप्राप्त शाळेतली लागते. परदेशातली असली की समकक्षतेचे कागद फिरत राहतात आणि तोवर परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ येते. शिवाय पोरीला डॉक्टर व्हायचंय. राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागते, अधिवासाचा दाखला वेगळाच. तेव्हा वेळ हीच. माझं म्हणणं एवढंच की वेळ चौघांची आहे, एकटीची नाही.

आता ते सहा महिने कशाला लागतात ते ऐक. कमिटीत कोणी ऐकून घेतलं नाही. चहा आला.

पहिलं वाचन. ती घरात मराठी फाडफाड बोलते, पण देवनागरी वाचत नाही. इंग्रजी माध्यमाला घातली तरी मराठी सुटत नाही. 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आलंच आहे. स्टेट बोर्डाच्या इंग्रजी शाळेत नववीला अक्षरभारतीचं पुस्तक असतं. तो धडा अडखळत वाचणाऱ्या मुलीला वर्गात कसं वाटतं ते मी शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून तीस वर्षं पाहिलंय. अशा मुलांना बाराखडीच्या अंकलिपीला बसवलं की ती चिडतात, चौदा वर्षांच्या पोरीला "ग गवताचा" लाजिरवाणं वाटतं. त्यापेक्षा उपासना संगीत, आपलं गीतांचं पुस्तक, हातात द्यावं. ना. वा. टिळकांची पदं तिला तोंडपाठ आहेत, शीलानं झोपवताना म्हटलेली. तोंडानं म्हणायचं आणि बोट ओळीखाली फिरवायचं. पहिल्या तीन आठवड्यांत सुटी अक्षरं बसतात. मग अडतं ते र पाशी: धर्म, प्रभू, राष्ट्र, दुसऱ्या, असे चार वेश. तिथे एक आख्खा आठवडा द्यावा, पुढे जायची घाई करू नये. घाई केली की मूल अंदाजानं वाचायला लागतं आणि ती खोड दहावीपर्यंत जात नाही. जोडाक्षरं झाली की रोज एक पान श्रुतलेखन. लिहिण्याचा वेग सगळ्यांत शेवटी येतो, आणि भाषेचा पेपर ऐंशी मार्कांचा, तीन तासांचा. हिंदी पहिले दोन महिने काढूच नये. लिपी एकच असल्यानं दोन्ही एकदम सुरू केलं की 'है' आणि 'आहे' यांची खिचडी होते.

गणिताचं तिकडे एकच पुस्तक, इथे भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, चाळीस-चाळीस मार्क. पोर हुशार आहे, उत्तर काढेल. पण भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता अशी ओळीनं मांडणी लागते आणि मार्क मांडणीला असतात. एवढंच शिकवायला एप्रिल-मे पुरे.

हे सगळं आजीनं करायचं? ऐंशीच्या घरातल्या बाईनं, जिला दिसत नाही नि ऐकू येत नाही?

(तुझ्या नातवाचं बारसं झालं का? नाव कळव. यिर्मया ठेवू नका, शाळेत हाल होतात.)

कागदांची यादी मी विन्याला पाठवलीच आहे, तूही नजर टाक, तू झांबियाहून आलीस तेव्हा काय अडलं होतं ते तुला आठवत असेल. मागच्या तीन वर्षांचे निकाल. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर तिथल्या शिक्षण कार्यालयाचा शिक्का, मग त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, मग नैरोबीत आपल्या उच्चायुक्तालयाचा. क्रम उलटा झाला की परत पहिल्यापासून, आणि किसुमू ते नैरोबी साडेतीनशे किलोमीटर. म्हणून सप्टेंबरातच एक फेरी मारून यावी. योनाचा जन्म तिकडचा. वर्षाच्या आत उच्चायुक्तालयात नोंदवला म्हणून नागरिकत्वाचा घोळ नाही, पण ते मूळ पत्र हातातल्या पिशवीत असावं, मोठ्या बॅगेत नाही. दोघा मुलांचं आधार इथे उतरल्यावर. भारतीय पासपोर्ट असला की 182 दिवस थांबायची अट लागत नाही. आधार झाल्याशिवाय शाळेला सरकारी पोर्टलवर मुलाची नोंद नीट करता येत नाही, आणि ते हातात यायला काही आठवडे जातात, म्हणून उतरल्या आठवड्यातच.

सगळ्यांत जास्त अडतं नाव. तिकडच्या शाळेत स्वतःचं नाव आधी, मग वडिलांचं, आडनाव शेवटी किंवा गायबच. पासपोर्टवर तिसरंच. आपल्या बोर्डाच्या दाखल्यावर आडनाव पहिलं. किसुमूच्या दाखल्यावर 'रूथ विनय' एवढंच आलं तर आपला क्लार्क आडनावाच्या जागी विनय टाकेल, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर एकदा छापलं की गॅझेटपर्यंत पळावं लागतं. दाखला पासपोर्टबरहुकूम लिहून घ्यायचा, स्पेलिंगसकट.

पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड चौघांचं मूळ हवं. केनियाहून येणाऱ्याकडे ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि तिथे "आम्ही मिशनचे" म्हणून चालत नाही. लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी घेतलेली हवी, एकदा घेतली की जन्मभर चालते. तळ्यात पोहणारी पोरं आहेत, तेव्हा इथे आल्यावर बिल्हार्झियाची, तळ्याच्या पाण्यातून होणाऱ्या जंतांच्या आजाराची, तपासणी हवीच. शेवटचं तळ्यात गेल्यापासून दीड-दोन महिन्यांनी केली तर खरी, आधी केली तर रिपोर्ट उगाच स्वच्छ येतो. नगरच्या डॉक्टरला हा आजार सहसा दिसत नाही, म्हणून 'व्हिक्टोरिया तळं' असं स्वतःहून सांगायचं. तसंच वर्षभरात केव्हाही ताप आला तर 'केनियाहून आलोय' हे पहिलं वाक्य.

आता पैसे. खरी मेख तिथे आहे. पोरीला एकटी पाठवली तर एक तिकीट. चौघं आले तर चार तिकिटं, आणि मग "यांचं काय करायचं?" नियम असा की विमान उतरलं त्या महिन्यापासून मानधन बंद. शाल, पुष्पगुच्छ, अहवाल, फोटो, संपलं. विन्याला ना फंड ना ग्रॅच्युइटी. सावेडीला दोन खोल्या घ्यायच्या तर डिपॉझिट, गॅस, कुकर, गाद्या, दोन मुलांची फी, गणवेश, एक स्कूटर. आरोग्य विमा उतरल्या महिन्यातच काढायला हवा. शीलाचं बीपी जुनं आहे आणि आधीच्या आजारांना पॉलिसी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. मी मांडलं ते असं: बारा महिने पूर्ण मानधन, पुढचे सहा महिने निम्मं, आणि पहिले तीन महिने एकाही मंडळीत कार्यक्रम नाही. यावर सेक्रेटरी हसले. म्हणाले, "बाई, काम न करता पगार?" अगं, परत येणं हेच काम आहे. त्या काळात विन्यानं दर रविवारी गाडी काढून नेवाशाला नि संगमनेरला स्लाइड शो दाखवत फिरायचं, तर घर लावणार कोण, मुलीचा अभ्यास घेणार कोण?

बँकेचं तू त्याला फोनवर सांग, माझ्यावर त्याचा विश्वास नाही. कायमचं परतलं की एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं, खातं तसंच ठेवता येत नाही, बँकेला कळवून निवासी करून घ्यावं लागतं. करात मात्र थोडी सवलत आहे. मागच्या दहांतली नऊ वर्षं तो अनिवासी असला तर काही काळ 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा दर्जा मिळतो आणि तिकडच्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. त्याचं तिकडचं उत्पन्न म्हणजे एम-पेसामधले, म्हणजे तिकडच्या मोबाईलच्या पाकिटातले, चार शिलिंग, पण ते सिम बंद पडायच्या आत रिकामं करायला सांग. गाडी विकायची तीही ऑक्टोबरातच. जाणाऱ्याची गाडी शेवटच्या आठवड्यात निम्म्या भावात जाते.

सेक्रेटरींनी शेवटी हुकमी पत्ता काढला: "जुने मिशनरी नाही का मुलांना बोटीनं पाठवायचे?" पाठवायचे. आपले नगरचे मिशनरी ह्यूम साहेब 1847 साली मुंबईत जन्मले. 1854 साली वडील परतीच्या बोटीवरच वारले, मुलं अमेरिकेत वाढली. साहेब 1874 ला परत आले ते अर्धशतक इथेच. घर कुठलं म्हणायचं मग? आणि हेच मिशनरी पुढे कंटाळले ना या पाठवापाठवीला. 1901 साली कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा निघाली ती पोरं समुद्रापार धाडायला नकोत म्हणून. पुढे 1950 च्या दशकात यूसीम नवरा-बायकोनं भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास केला आणि अशा मुलांना तिसऱ्या संस्कृतीची मुलं म्हणायला सुरुवात केली. म्हणजे जगानं हा धडा आपल्याच अंगणात गिरवला आणि आपली कमिटी अजून बोटीच्या काळात.

हे सगळं मी बोलले नाही म्हणा. कोडाईपर्यंत बोलले, तेवढ्यात खजिनदारांना घरी जायचं होतं.

विन्याचाही थोडा दोष आहे. त्याला वाटतं तो निघाला की तिथलं काम बसेल. अरे, तो ज्याला तयार करतोय तो ओडियोंबोच्या खेड्यातला माणूस तीन वर्षं उपासना चालवतोय, हिशेब तेवढा विन्याकडे. हिशेब सोपवायला तीन महिने पुष्कळ झाले: पहिल्या महिन्यात त्यानं लिहायचं नि यानं तपासायचं, दुसऱ्यात सही दोघांची, तिसऱ्यात बँकेत याचं नाव कमी. निरोपालाही वेळ हवा. रूथला तिच्या मैत्रिणींकडे एकेकीकडे जाऊन जेवू दे, कुत्रं कोणाकडे राहणार ते तिलाच ठरवू दे. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात बहुतेक तिकिटांवर. त्यातली एक पूर्ण तिची, आणि तीत काय भरायचं यावर आईनं बोलायचं नाही. शीलाला हे लिहिलंय. उत्तर नाही. रागावली असेल.

पुढची बैठक सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. त्याआधी तुझं पत्र सेक्रेटरींच्या हातात पडायला हवं, आणि पत्रच, व्हॉट्सअ‍ॅप नको, ते म्हणतात फोन बिघडला होता. बोर्डिंगची तारीफ त्यात खुशाल कर, मी वाचणार नाही. पण पहिल्या वर्षीचं लिही, तू रात्री दिवे गेल्यावर काय करायचीस ते. नाही तर नको लिहू ते. एवढंच लिही की मूल आई-बापांसोबत यावं, आणि बारा अधिक सहा महिन्यांचा आकडा माझ्याऐवजी तुझ्या नावानं मांड. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, मी काय, माजी क्लार्क.



तुझी,
सुमती

ता. क. पिवळ्या कार्डाची आठवण विन्याला तूही कर. मागच्या फर्लोला त्यानं ती चारही कार्डं बायबलात ठेवली होती आणि बायबल बॅगेत, बॅग पट्ट्यावर. मुंबईला तासभर उभे होते.