टोमॅटोची झाडे उपटू नका

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

टोमॅटोला फुले भरपूर येतात, पण फळ न धरता गळतात, म्हणून झाडे उपटून टाकावीत असे बाबांच्या मनात असल्याचे आईने लिहिले आहे. कृपया तसे करू नका. पाने हिरवीगार आणि निरोगी असताना केवळ फुले गळत असतील, तर दोष बहुधा हवेचा असतो. दुपारचे तापमान ३५ अंशांकडे गेले आणि रात्रीही ते २४ अंशांखाली उतरेनासे झाले, की परागकण निकामी होतात आणि फळधारणा थांबते. रात्री गार होऊ लागल्या की तेच झाड पुन्हा फळ धरते. तोवर दुपारच्या उन्हापुरती शेडनेट बांधावी, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन घालावे आणि पाणी नियमित द्यावे. बाबा, युरिया मात्र हातचा राखूनच द्या, कारण त्यातले नत्र जास्त झाले की झाड नुसते पाल्यावर जाते.

इकडे माझी अडचण नेमकी उलट आहे. रात्रीचे तापमान १३ अंशांखाली गेले तरी फळ नीट धरत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत दव गोठले की झाडच मरते. त्यामुळे दव गोठण्याचे दिवस संपण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी मी घरातच रोपे तयार करते, ती आठवडाभर थोडी थोडी बाहेर ठेवून काटक करते आणि लावताना खोडाचा बराच भाग मातीत पुरते, कारण त्या खोडालाही मुळे फुटतात. वाणही लवकर येणारा निवडावा लागतो. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, मी काढून टाकते. तुम्ही ती राहू द्या, कारण तुमच्याकडच्या उन्हात फळांना पानांची सावली हवी.

आईने विचारलेला फळाच्या तळाचा काळा डाग ही कीड नव्हे. पाणी कधी तुडुंब, कधी अजिबात नाही असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि तो भाग सडतो. ती फळे काढून टाका. पाण्याची वेळ आणि मापही आईनेच सांभाळावे, बाबांच्या उत्साहावर सोडू नये.

कडक उन्हात फळ लाल न होता पिवळट राहते. त्यामुळे रंग धरू लागताच ते तोडून घरात सावलीत पिकवा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, चव जाते. पुढच्या पत्रात रात्रीचे तापमान आठवणीने कळवा, म्हणजे नवी रोपे कधी टाकायची ते ठरवता येईल.

तुमची लेक