मंत्रिमहोदय, बुधवारची ती खोली उघडा

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी आठवडी बाजाराच्या मैदानातल्या सभेत आपण शब्द दिला होता की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दर बुधवारी मानसोपचारतज्ज्ञ बसतील. खोलीवर तशी पाटीही लागली. माझ्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन मी नऊ बुधवार तिथे गेले आणि नऊही वेळा कुलूप पाहून परतले. नवव्या बुधवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताला जखमा करून घेतल्या. रात्री ज्या दवाखान्यात नेले, तिथे पट्टी बांधता बांधता "पोलीस केस होईल" म्हणून तिला दटावले गेले आणि मला सांगण्यात आले की पोरीचे लग्न लावून द्या, नाटके थांबतील. अर्धवट पट्टी लोंबत असताना तिने हात मागे ओढून घेतला.

ही नाटके नाहीत, साहेब. तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. या आजारात नाकारले जाण्याची वेदना साध्या कारणानेही उसळते. संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात बरोबरीचा वाटा मिळाला तरी या रुग्णांना आपल्याला वगळल्यासारखे वाटते, असे संशोधकांना दिसून आले आहे. मैत्रिणीने फोन उचलला नाही की माझी मुलगी दोन दिवस जेवत नाही. गाव म्हणते, ती फक्त स्वतःचेच पाहते. पण शेजारच्या कास्तकाराने आत्महत्या केली, तेव्हा तेरवीनंतर त्या घराची पायरी कोणी चढत नव्हते आणि माझी मुलगी रोज त्या बाईच्या बरोबरीने, एक शब्दही न बोलता, कापूस वेचत होती. दुसऱ्याचा चेहरा तिला माझ्याआधी वाचता येतो. त्या चेहऱ्यावर आपल्याविषयी राग आहे अशी शंका आली की मात्र ती कोसळते.

आपल्याच सरकारी कागदांत काय लिहिले आहे तेही सांगते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे. कलम ११५ तर सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्तीसुद्धा तीव्र ताणाखाली होती असे मानावे आणि तिच्या उपचारांची सोय सरकारने करावी. मग हाताच्या जखमांसाठी माझ्या मुलीला पोलिसांचे भय कोणत्या अधिकाराने दाखवले? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात शहराबाहेरच्या माणसाने काय करावे? नागपूरला जायचे तर पहाटेची एसटी धरावी लागते. महिलांना तिकीट अर्धे झाले हे खरे, पण बुडालेला दिवस अर्धा होत नाही. चौदा वर्षे मी या शासनाची रजिस्टरे भरते आहे. बालकाचे वजन, उंची, दंडाचा घेर, सगळ्याला रकाना आहे. माझ्या घरात काय चालले आहे त्याला रकाना नाही, म्हणून ते शासनाच्या लेखी घडतच नाही. शेतकरी मेल्यावर पंचनाम्याला गाड्या येतात, त्याआधीच्या वर्षभरात कोणी येत नाही.

या आजारावर इलाज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत दर आठवड्याला समुपदेशन असते आणि गटात बसून भावना सावरण्याची कौशल्ये शिकवली जातात. बहुतेक रुग्ण पुढे सावरतात, हे दीर्घकाळच्या पाहणीतून दिसले आहे. त्यासाठी एक प्रशिक्षित समुपदेशक आणि ठरल्या दिवशी उघडणारे दार हवे. ठरलेल्या दिवशी बंद असलेले दार म्हणजे आपल्याला दिलेला नकार, असेच माझ्या मुलीला वाटते आणि तसे नाही, हे मी तिला नऊदा समजावू शकले नाही.

येत्या बुधवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघी पुन्हा त्या खोलीपुढे येणार आहोत. तज्ज्ञ येणार नसतील तर मंगळवारपर्यंत तसे कळवा आणि ती पाटी उतरवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका