साहेब, वजन गेलं, कातडीचं काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मोठं वजन घटवल्यावर लोंबणाऱ्या कातडीच्या दुखण्यावर सरकारी रुग्णालयात उपचार मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी वेंगुर्ले तालुक्यातला आंबा-काजू बागायतदार. वय बावन्न. कधीकाळी १२६ किलोचा होतो, आता ७८ किलोचा आहे. शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे ते थांबले. यात कौतुक करून घ्यायचं काही नाही, कारण वजन कमी करा असं सरकारच सांगत असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून खाण्यातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हणून सांगितलं. त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे डॉ. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण गाजून गेलं होतं. पंचावन्न मिनिटांच्या आत पंगतीतून उठणारी माणसं मी लग्नांमधून पाहिली आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. तेव्हा हे सांगणं रास्तच आहे. पण वजन उतरल्यावर अंगावर जे उरतं, त्याबद्दल मी पाहिलेल्या एकाही सरकारी फलकावर एक ओळ नव्हती.

काजू ओतून घेतल्यावर पोतं जसं पडतं, तसं माझं पोट आहे. कातडीची घडी जांघेपर्यंत उतरते. दंडाखाली लोंबते, मांड्यांच्या आतल्या बाजूला एकमेकीवर घासते. हे का होतं ते मला एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. त्वचेला आवळून धरणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षं ताणले गेले की तुटतात, विरतात, आणि मग आतली चरबी गेली तरी पूर्ववत आक्रसत नाहीत. किती वजन होतं, ते किती वर्षं अंगावर होतं, वय काय, ऊन किती खाल्लं, तंबाखू आहे का आणि आईबापांकडून कातडी कशी आली, या सगळ्यावर ते ठरतं. पंचविशीतल्या पोराने दहा किलो उतरवले तर त्याची त्वचा बहुधा सावरते. पन्नाशीच्या, जन्म उन्हात काढलेल्या माणसाने पन्नास किलो उतरवले तर नाही सावरत. व्यायामाने खालचे स्नायू भरतात, अंग थोडं भरीव दिसतं. जादा कातडी मात्र कुठे जात नाही. तेलं, क्रीमं आणि टीव्हीवरचे पट्टे यांच्याबद्दल बोलण्यात आपला वेळ घालवत नाही.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण मंत्रालयातून हे दिसायचं नाही. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. बनियन-चड्डी दोन-तीन दिवस दोरीवर लटकून ओलीच, वर कुबट वास. अंगावर चढवली की घडीत घाम, घामावर ओल. दोन दिवसांत घडी आतून लाल होते, मग चिरा पडतात, पाणी सुटतं, वास येतो. माणूस चारचौघांत बसायचा बंद होतो. डॉक्टर याला इंटरट्रायगो म्हणतात. त्यात कॅन्डिडाची बुरशी बसते, नाहीतर नायटा पसरतो. काजूच्या रोपांचे खड्डे मारायचे, बेणणी करायची, ती हे सगळं पोटाखाली घेऊन. एप्रिल-मेमधला हापूसचा हंगामही काही सुखाचा नसतो. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढायचं आणि उतरेपर्यंत मांड्यांची सालं निघालेली.

यावर गावातला पहिला इलाज म्हणजे मेडिकलमधून आणलेली ट्यूब. तीन-तीन औषधं एकत्र केलेली, त्यात एक तगडं स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूष. आठवड्याने नायटा दुप्पट जागेवर, आणि आधीच सैल झालेली कातडी आणखी पातळ. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत. मला ती एकदाही चिठ्ठी न मागता मिळाली आहेत. कुठल्या दुकानात ते लिहीत नाही; आपल्या माणसांनी कुठल्याही तालुक्याच्या गावात जाऊन मागून बघावं.

बायकांचं याहून वाईट आहे आणि ते मला माझ्या पत्नीमुळे कळलं. बाजारात मासळी विकणारी तिची एक मैत्रीण आहे, तिनेही बरंच वजन उतरवलं. दिवसभर बसायचं बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या लुगड्यात. छातीखाली आणि पोटाखाली दोन्हीकडे चिघळतं. परकराची नाडी घडीवर बांधली तर काचते, घडीखाली बांधली तर निसटते, असा तिचा रोजचा प्रश्न. हे ती आरोग्य केंद्रात समोर बसलेल्या तरुण पुरुष डॉक्टरला सांगणार नाही. आशाताईला कदाचित सांगेल, पण आशाताईच्या रजिस्टरमध्ये याला रकाना नाही.

लाजेचं थोडक्यात सांगतो. चतुर्थीला आमच्या घरी सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजा करायची पद्धत आहे. मी हल्ली पुतण्याला बसवतो. आणि वजन उतरल्यावर वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काय रे, असो सुकलंस कित्याक? बरा नाय काय?" लठ्ठ होतो तेव्हा तब्येतीची चौकशी कोणी केली नव्हती.

आपल्या मनात काय येईल ते मला कळतं. ज्या जिल्ह्यात माकडतापाने माणसं गेली, लेप्टोच्या तापाला दर पावसाळ्यात घाबरायचं, तिथे या बागायतदाराला पोट सपाट करून हवंय! तर नको. कोणाच्या सौंदर्यावर सरकारने पैसा घालवावा असं माझं म्हणणं नाही. चेहरा, दंड, मांड्या, ज्याला खुपतात त्याने स्वतःच्या खर्चाने बघावं. पोटाच्या कातडीवर दोन वेगळ्या शस्त्रक्रिया होतात. ॲब्डॉमिनोप्लास्टीत कातडी काढतात, पोटाचे स्नायू आवळतात, बेंबी नव्या जागी बसवतात. पॅनिक्युलेक्टमीत फक्त खाली लोंबणारा पडदा कापून काढतात. माझी मागणी या दुसरीपुरती आहे, आणि तीही ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांच्यासाठी.

गरज ठरवायची कशी? अमेरिकेतल्या विमा कंपन्या (त्या काही दानशूर म्हणून ओळखल्या जात नाहीत) यासाठी निकष लावतात: घडी जांघेच्या हाडाखाली उतरलेली असावी, काही महिने नीट औषध करूनही संसर्ग पुन्हा पुन्हा होत असावा, चालण्या-कामाला अडथळा असावा आणि वजन काही महिने स्थिर असावं. फोटो आणि केसपेपर जोडायचे. एवढं आपल्या तज्ज्ञ समितीला एका बैठकीत लिहून काढता येईल.

आज काय होतं ते सांगतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटी देशभर सारख्या केल्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चाळीस किंवा त्याच्या वर, नाहीतर पस्तीस किंवा त्याच्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल, तर वजनाची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. पुढच्याच एका अटीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे; अपघात, भाजणं, कर्करोग सोडून. मात्र तिथेच असंही लिहिलंय की आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणपत्र दिलं, तर ती धरता येते. मी प्रमाणपत्र जोडलं होतं. उत्तर एका ओळीत आलं, कॉस्मेटिक म्हणून नामंजूर. वारंवार चिघळणारी जखम 'तातडीची' नाही, असा त्यांचा अर्थ असावा. ती जिवावर बेतेपर्यंत वाट बघावी, असा माझा नाही.

सरकारी योजनेकडे वळलो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, मर्यादा पाच लाखांची झाली. हे मोठं काम आहे, यात शंका नाही. पण तिच्या जोडीला असलेल्या आयुष्मान भारतमध्येही कॉस्मेटिक म्हटलं की दार बंद. म्हणजे चरबी हा आजार, ती उतरवणं हे कर्तव्य, आणि त्यातून आलेली जखम ही हौस. हा हिशेब मला जुळवता येत नाही.

समजा पैशांची सोय झाली, तरी जायचं कुठे? आमच्याकडून माणूस आजवर दोनच वाटांनी गेला: तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरून परळच्या केईएमला, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. बांबोळीला २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा आमच्या जिल्ह्यात किती गदारोळ झाला ते आपल्या खात्याला ठाऊक आहे. आणि ही शस्त्रक्रिया एका दिवसात उठून येण्यातली नाही. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके असतात. पाणी साठू नये म्हणून नळ्या घालतात. तरी पाणी साठतं, जखम उसवते, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. फेरतपासणीला पुन्हा पुन्हा जावं लागतं. टाके सांभाळत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यातून ते कसं व्हायचं?

ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झालं, रत्नागिरीचं २०२३ मध्ये. या दोन ठिकाणी मुंबईच्या सरकारी रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन महिन्यातून ठरलेल्या दिवशी यावेत, रुग्ण निवडावेत, शस्त्रक्रिया कराव्यात आणि फेरतपासणी तिथल्या शल्यचिकित्सकांनी करावी. भाजलेल्यांना, फाटलेल्या ओठाच्या मुलांनाही त्याच दिवसाचा उपयोग होईल. माझ्या घडीसाठी वेगळा विभाग उघडा असं मी म्हणत नाही.

बाकीचं तर जवळजवळ फुकटात होण्यासारखं आहे. ग्रामीण रुग्णालयात शुगर-ब्लडप्रेशरची तपासणी होते, वजन कमी करायला सांगतात; तिथेच कातडीचंही सांगावं. घडी कोरडी कशी ठेवायची, मध्ये सुती फडकं कसं घालायचं, कुठली मलमं लावायची नाहीत, हे एका कागदावर मावतं. मशेरीचं आवर्जून सांगावं. आमच्याकडे बायका सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. निकोटिनने जखम लवकर भरत नाही, शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे ती बंदच लागते. प्रथिनांचंही सांगावं, पण आमच्या ताटातलं. मला शहरातल्या आहारतज्ज्ञांनी पनीर लिहून दिलं होतं. आमच्याकडे पनीर लग्नात दिसतं. बांगडा, तारली, अंडी, कुळीथ असं लिहा. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खारवलेल्या सुक्या मासळीवर ब्लडप्रेशरवाल्यांनी किती हात मारायचा तेही लिहा.

हे आत्ताच का म्हणून विचाराल. वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत: मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती सरल्यावर देशी कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं तालुक्याच्या गावापर्यंत यायला कितीसा वेळ लागणार? आज माझ्यासारखे गावात बोटांवर मोजण्याइतके आहेत. ही इंजेक्शनं घेऊन भराभर वीस-पंचवीस किलो उतरवलेली माणसं उद्या ओपीडीच्या रांगेत दिसतील.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पत्र गावातही वाचलं जाणार. कातडी लोंबेल म्हणून वजन कमी करू नका, असा अर्थ यातून कोणी काढू नये. हे सगळं आधी कोणी सांगितलं असतं तरी मी वजन उतरवलंच असतं. फक्त निम्म्या वाटेवर मलाच काहीतरी नवा रोग झालाय या भीतीने रात्री काढल्या, त्या वाचल्या असत्या.

या पत्राची एक प्रत मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना आणि एक अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्र्यांना पाठवत आहे. योजना आपली, ओरोसचं महाविद्यालय त्यांचं, ट्यूब विकणारं दुकान तिसऱ्या खात्याकडे. "सदर विषय या विभागाशी संबंधित नाही" असं उत्तर तिन्हीकडून येऊ नये, एवढ्यासाठी आधीच कळवून ठेवतो.

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातला एक बागायतदार