मणक्याच्या रुग्णांसाठी तालुक्यात फिजिओचा एक वार ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाठीचा मणका मोडला तर त्याचं ऑपरेशन आता सोलापुरातच होतं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं, की मात्र तो रुग्ण कोणाचाच राहत नाही.

माझा धाकटा भाऊ दक्षिण सोलापूर तालुक्यात चिंचा झोडपायला जातो, म्हणजे जायचा. फांदी मोडली, तो बुडावर आदळला आणि एल-वन म्हणतात तो मणका चिरडला. उंचावरून पडणाऱ्यांचा बहुधा हाच किंवा याच्या लगतचा मणका जातो, कारण पाठीचा ताठ भाग आणि कमरेचा हलता भाग तिथे मिळतात. खालच्या पोरांनी काखेत हात घालून त्याला बसवायला घेतलंच होतं. एका म्हाताऱ्याने आरडाओरडा करून थांबवलं आणि १०८ ची गाडी येऊन सपाट फळीवर घेईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. त्या आजोबांचे उपकार सर्जनइतकेच मानतो.

सर्जननी वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते दोन सळ्यांनी बांधून घेतले. तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की सळ्या हाड धरून ठेवतील, त्यामुळे याला लवकर बसवता येईल. दबलेली नस किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. हे नातेवाइकांच्या गळी उतरत नाही. पाय हलले नाहीत की 'ऑपरेशन फेल', आणि लगेच कोणीतरी मालीशवाल्याचा पत्ता देतो. स्क्रू घातलेल्या पाठीवर मालीश!

घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. लघवी ठरलेल्या वेळी नळीने काढायची. कार्डावर मात्र 'पाठीची काळजी घ्या' एवढंच. मी अशोक चौकात युनिफॉर्म शिवतो. भावाच्या बसायच्या हाडावर लाल चट्टा दिसला तेव्हा माझी नजर आधी पॅन्टवर गेली. मागच्या खिशाची जाड दुहेरी शिवण नेमकी तिथेच येत होती. ज्याला त्या जागी स्पर्शच कळत नाही तो टोचतंय म्हणून सांगणार कसा? खिसे उसवले, शिवण दाबून सपाट केली, बटणाऐवजी नाडी घातली. पाठीच्या पट्ट्याखाली घालायला बाजूला शिवण नसलेलं होजिअरीचं बनियन आणलं. चट्टा गेला. जखम झाली असती तर महिनोन्महिने भरली नसती, असं फिजिओ, म्हणजे व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, म्हणाले. नंतर वॉर्डातल्या ओळखीच्या एका पोराचे वडीलही माप घेऊन आले.

भाऊ आता पट्टा बांधून वॉकरवर ओसरीपर्यंत येतो. ही फिजिओची कमाई, पण फिजिओ शहरात आणि रुग्ण गावात. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, वर सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. आमचं शहरात घर आहे म्हणून निभावलं. बाकीचे येणंच सोडतात आणि त्यांचे सांधे आखडून जातात.

तेव्हा मागणी अशी: डिस्चार्जआधी कूस बदलणं, नळी घालणं, खाटेवरून खुर्चीत घेणं हे घरच्या माणसाकडून सिस्टरसमोर करून घ्यावं. नुसतं सांगून भागत नाही. आमच्या धंद्यातही बघून कोणी कटिंग शिकत नाही. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा. तो बाजाराचा वार ठेवला तर आणखी बरं, त्या दिवशी गावाकडून गाड्या मिळतात.

– एक टेलर, अशोक चौक, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती.)